आंतरजालाविना ई-शिक्षण : लखनौचा ‘डिजिटल स्टडी हॉल’ आणि ग्रामीण शाळा

(व्याख्यानाचा मजकूर)



एका साध्या डीव्हीडीमध्ये ४.७ अब्ज बाइट, म्हणजे सुमारे ३७.६ अब्ज बिट माहिती मावते. २००५ च्या सुमारास दूरध्वनीच्या तारेवरून मिळणाऱ्या इंटरनेट जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ५६ हजार बिट असे. या वेगाने ती एक तबकडी गावात उतरवून घ्यायची झाली, तर जोडणी क्षणभरही न तुटता पावणेआठ दिवस लागले असते. तीच तबकडी पाकिटात घालून टपालाने पाठवली आणि ती तीन दिवसांत पोहोचली, तर टपाल खात्याचा ‘वेग’ सेकंदाला सुमारे १ लाख ४५ हजार बिट भरतो. म्हणजे तारेच्या अडीच पट. पाकिटाऐवजी दहा तबकड्यांचे पार्सल पाठवले तर वेग दसपट होतो आणि पोस्टमनच्या सायकलीला त्याचा भार जाणवतही नाही.

हे गणित गमतीचे वाटते, पण त्यावर एक गंभीर संशोधन उभे राहिले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रँडॉल्फ वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘पोस्टमॅनेट’ ही कल्पना मांडली. टपाल व्यवस्थेकडे संगणकीय माहितीचे वहन करणारे जाळे म्हणून पाहावे, हा तिचा गाभा. तातडीचा छोटा निरोप दूरध्वनीच्या तारेने जाईल, मोठा ऐवज टपालाने जाईल. भारतात दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतील सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. ज्या गावात तार पोहोचली नव्हती तेथे पोस्टमन मात्र पोहोचत होता. या कल्पनेला शिक्षणाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष रूप मिळाले ते २००५ मध्ये, लखनौमध्ये.

लखनौची पार्श्वभूमी

ज्ञान पेटीत भरून खेड्यात नेण्याची लखनौला जुनी सवय आहे. वेल्दी फिशर यांनी १९५३ मध्ये अलाहाबाद येथे सुरू केलेले ‘लिटरसी हाऊस’ १९५६ मध्ये लखनौला आले. ‘साक्षरता निकेतन’ या नावाने ते ओळखले जाते. नवसाक्षरांसाठी पत्र्याच्या पेट्यांतून पुस्तके गावोगाव पाठवणे आणि कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातून आरोग्य व शेतीचे विषय मांडणे, ही त्या संस्थेची वैशिष्ट्ये होती. फिशर यांना १९६४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थेच्या वास्तूची रचना लॉरी बेकर यांची, हे स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने जाता जाता नोंदवण्यासारखे. पत्र्याची पेटी आणि डीव्हीडी यांत अर्धशतकाचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच : पेटी पोहोचल्यानंतर ती उघडून समोरच्याला वाचून कोण दाखवणार?

डॉ. उर्वशी साहनी यांनी लखनौच्या गोमतीनगर भागात १९८६ मध्ये ‘स्टडी हॉल’ ही शाळा सुरू केली. त्याच वास्तूत २००३ पासून दुपारच्या सत्रात ‘प्रेरणा’ ही मुलींची शाळा भरू लागली. सकाळी घरकाम करून घराला हातभार लावणाऱ्या, वस्त्यांमधून येणाऱ्या मुलींसाठी ही वेळ मुद्दाम निवडलेली होती. शहरातील सुस्थित कुटुंबांतील मुलांना शिकवणारे कसलेले शिक्षक आणि शिक्षणाची पहिलीच पिढी असलेल्या विद्यार्थिनी एकाच आवारात असणे, ही स्टडी हॉलची खरी जमेची बाजू होती. वँग आणि साहनी यांच्या सहकार्यातून आकाराला आलेला ‘डिजिटल स्टडी हॉल’ या पायावर उभा राहिला.

योजना सोपी होती. लखनौमधील चांगल्या शिक्षकांचे वर्गातील अध्यापन कॅमेऱ्याने टिपायचे. इंग्रजी, गणित, विज्ञान यांचे पाठ उत्तर प्रदेशाच्या अभ्यासक्रमाला धरून आणि हिंदी माध्यमाच्या मुलांना समजतील असे असायचे. चित्रीकरण डीव्हीडीवर उतरवून आसपासच्या ग्रामीण शाळांना पाठवायचे. शाळेत लागणारी सामग्री म्हणजे दूरदर्शन संच, डीव्हीडी प्लेअर आणि वीज गेल्यास बॅटरीची सोय. संगणक कक्ष नको, वातानुकूलन नको, दुरुस्तीसाठी अभियंता नको. दूरदर्शन संच दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या बाजारपेठेत मिळतो. सर्व्हर दुरुस्त करणारा त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळेल याची खात्री नव्हती. तंत्रज्ञान निवडताना त्याची कमाल क्षमता पाहण्याऐवजी ते बिघडल्यावर किती दिवसांत सुरू होईल हे पाहणे, हा निकष ग्रामीण भागात अधिक शहाणपणाचा ठरतो. आपल्याकडील अनेक संगणक कक्षांना लागलेली कुलुपे हा निकष न पाळल्याची साक्ष देतात.

चित्रीकरण पॉलिश केलेल्या स्टुडिओत न करता खऱ्या वर्गात केलेले होते, हेही महत्त्वाचे. पडद्यावर मुले चुकतात, शिक्षिका पुन्हा विचारते, फळ्यावर खाडाखोड होते. खेड्यातील मुलाला त्या वर्गातील मुलांमध्ये स्वतःला पाहता येते. व्यावसायिक निर्मितीच्या तुलनेत अशा पाठाचा खर्चही फार कमी येतो.

पडदा आणि शिक्षक

मात्र या प्रयोगाचे मर्म तबकडीपेक्षा तिच्या वापराच्या पद्धतीत आहे. ग्रामीण शाळेतील शिक्षकाने संच सुरू करून बाजूला बसायचे नाही, हा डिजिटल स्टडी हॉलचा मूलभूत नियम होता. शिक्षकाने ठरावीक टप्प्यावर चित्रफीत थांबवायची, पडद्यावरील शिक्षिकेने विचारलेला प्रश्न स्वतःच्या वर्गाला विचारायचा, उत्तरे घ्यायची, मुलांना फळ्यावर बोलवायचे, गावातील उदाहरण द्यायचे आणि मगच पुढे जायचे. येथे गावचा शिक्षक मध्यस्थ असतो. वीस मिनिटांची चित्रफीत म्हणूनच वर्गात चाळीस मिनिटे चालते. ती वीस मिनिटांतच संपली, तर वर्गात शिकवणे झाले नाही असे खुशाल समजावे.

या पद्धतीला शास्त्रीय पूर्वपीठिका आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स गिबन्स यांनी १९७० च्या दशकात दूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या अभियंत्यांसाठी वर्गव्याख्यानांच्या चित्रफिती पाठवल्या. छोट्या गटाने एका मार्गदर्शकासोबत चित्रफीत पाहायची, शंका आली की थांबवायची, चर्चा करायची. अशा रीतीने शिकलेल्या अभियंत्यांची कामगिरी प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीची किंवा त्याहून सरस ठरली. १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गिबन्स यांचा मार्गदर्शक त्या विषयातील तज्ज्ञ नव्हता. चर्चा घडवून आणणे हे त्याचे काम होते. ग्रामीण भारतासाठी हा मुद्दा कळीचा आहे, कारण विज्ञान शिकवणारा शिक्षक अनेकदा विज्ञानाचा पदवीधर नसतो.

याचा आणखी एक परिणाम होतो, तो सहज लक्षात येत नाही. रोज एका चांगल्या शिक्षिकेचा पाठ पाहणारा आणि तो थांबवून थांबवून वापरणारा शिक्षक स्वतः शिकत असतो. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे आधी आणि चिन्ह नंतर, हा क्रम त्याला प्रशिक्षण वर्गात कोणी सांगितला तर तो वहीत राहतो. वर्गासमोर घडताना दिसला तर हातात येतो. म्हणून या तबकड्यांना विद्यार्थ्यांसाठीचे साहित्य म्हणावे की शिक्षक-प्रशिक्षणाचे, हा प्रश्न विचारला तर ‘दोन्ही’ हेच उत्तर द्यावे लागते.

प्रक्षेपणाच्या मार्गाशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचले. पुढे राज्य पातळीवर शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाल्या. त्यांपैकी एक लखनौला, एक पुण्याला. पुण्याची संस्था ‘बालचित्रवाणी’ या नावाने महाराष्ट्राला परिचित होती. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला आणि त्याची सेवा २०१० मध्ये संपली. या सर्व प्रयत्नांची व्याप्ती मोठी होती. पण प्रक्षेपण थांबवता येत नाही. पाठ अकरा वाजता असेल आणि वीज साडेअकराला आली, तर पाठ गेला. साठवलेला पाठ शिक्षकाची, विजेची आणि पावसाचीही वाट पाहतो. ग्रामीण शाळेच्या दृष्टीने हा गुण उपग्रहाच्या व्याप्तीपेक्षा कमी मोलाचा नाही.

तबकडी दिली की शिक्षण होते, हा भ्रमही याच दशकात फिटला. अझीम प्रेमजी फाउंडेशनने अनेक भारतीय भाषांत शंभरावर सीडींचे संगणक-साहाय्यित अध्ययन साहित्य तयार करून राज्यांना उपलब्ध करून दिले होते. त्याच संस्थेच्या धुरिणांनी २०१० मध्ये शिक्षणातील माहिती तंत्रज्ञानाच्या मर्यादा जाहीरपणे मांडल्या. साहित्य चांगले असूनही ते शिक्षकाच्या रोजच्या कामाशी जोडले गेले नाही तर त्याचा परिणाम उरत नाही, असा त्या अनुभवाचा अर्थ लावता येतो. एवढ्या प्रमाणावर काम केल्यानंतर असे सांगण्यास धैर्य लागते. आपल्या विकास कार्यक्रमांत ते दुर्मीळ आहे.

मोठ्या अभ्यासक्रमाची बांधणी

आता बांधणीचा प्रश्न. एका इयत्तेच्या एका विषयाचे वर्षभरात प्रत्येकी वीस मिनिटांचे १२० पाठ धरले तर ४० तासांचे चित्रण होते. एका डीव्हीडीवर साधारण दोन तास मावतात, म्हणजे एका विषयाला वीस तबकड्या. तीन विषयांना साठ. पाच इयत्ता असलेल्या शाळेला तीनशे. तीनशे तबकड्यांतून ‘सातवी, विज्ञान, प्रकाशाचे परावर्तन, दुसरा भाग’ शोधण्यासाठी शिक्षकाकडे तास सुरू होण्यापूर्वी फार तर दोन मिनिटे असतात. पाठ सापडला नाही तर तो नसल्यासारखाच. त्यामुळे आंतरजालाविना चालणाऱ्या अभ्यासक्रमात अनुक्रमणिका ही निम्मी रचना असते. इंटरनेटवर शोधयंत्र हे काम करते. येथे ते छापील पत्रकाने, तबकडीवरील क्रमांकाने आणि पाठ्यपुस्तकातील पृष्ठांकाने करावे लागते. पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणाशी जुळणारा क्रमांक हा सर्वांत टिकाऊ दुवा, कारण पाठ्यपुस्तक प्रत्येक दप्तरात असतेच.

पाठाची लांबी हा केवळ सोयीचा मुद्दा नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प याचे उत्तम उदाहरण आहे. मुक्त संगणक प्रणाली शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ; प्रत्येकाची आधी लेखी संहिता; ती संहिता विषय न जाणणाऱ्या नवख्या व्यक्तीकडून तपासून घ्यायची; आणि नंतरच ध्वनिमुद्रण. पडद्यावरील दृश्य तेच ठेवून आवाज मात्र मराठीसह विविध भारतीय भाषांत भरला जातो. विद्यार्थ्याने पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि अर्ध्या भागात प्रत्यक्ष प्रणाली उघडून, पाहत पाहत करत जायचे. पाठ स्वयंपूर्ण असल्याने ते सीडीवर उतरवून इंटरनेट नसलेल्या महाविद्यालयांतही वापरता आले. नवख्याकडून तपासणी हा यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. दूर गावी, विचारायला कोणी नसताना, मूल जेथे अडेल ती जागा आधी शोधून काढण्याचा दुसरा मार्ग नाही.

इंटरनेटवरील पाठात चूक आढळली तर ती संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. गावात गेलेल्या तबकडीतील चूक वर्षानुवर्षे शिकवली जाते. अभ्यासक्रम बदलतो, पाठ्यपुस्तक बदलते, जुनी तबकडी मात्र कपाटात राहते. म्हणून प्रत्येक पाठावर आवृत्तीचा क्रमांक व वर्ष असणे, संपूर्ण संच न बदलता केवळ बदललेले पाठ पाठवता येणे आणि जुने परत घेण्याची व्यवस्था असणे आवश्यक ठरते. निविदा काढताना या बाबीचा उल्लेख क्वचितच होतो, कारण खरेदी एकदाच होते आणि देखभाल दरवर्षी.

तबकडीकडून सर्व्हरकडे

दरम्यान तंत्रज्ञान स्वस्त झाले. वर हिशेबात धरलेले तीन विषयांचे १२० तासांचे चित्रण आधुनिक संक्षेपण पद्धतीने सेकंदाला पाच लाख बिट या दराने साठवले तर ते सुमारे २७ जीबी भरते. साठ तबकड्यांचा गठ्ठा बोटाच्या पेरावर मावणाऱ्या ३२ जीबीच्या कार्डात येतो. २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक बाजारात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस खान अकॅडमीचे पाठ आंतरजालाविना वापरण्यासाठीची ‘केए लाइट’ ही प्रणाली उपलब्ध झाली. तिच्याच निर्मात्यांनी पुढे ‘कोलिब्री’ ही अधिक व्यापक प्रणाली आणली. शाळेतील एक छोटा सर्व्हर स्थानिक वाय-फायवरून वर्गातील टॅब्लेट वा संगणकांना पाठ, सराव व चाचण्या पुरवतो. गावात इंटरनेट असो वा नसो, वर्गाला त्याचा पत्ता लागत नाही. भारतात टाटा समाजविज्ञान संस्था, टाटा ट्रस्ट्स आणि अमेरिकेतील एमआयटी यांनी ‘क्लिक्स’ हा उपक्रम २०१५ मध्ये सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणा या राज्यांतील शासकीय माध्यमिक शाळांत त्याने शाळेतील सर्व्हरवर आधारित अभ्यासक्रम राबवले आणि युनेस्कोचा किंग हमाद पुरस्कार मिळवला.

शासकीय पातळीवर ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील प्रकरणाजवळ छापलेला क्यूआर कोड हा त्याचा दुवा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात असे कोड वापरण्याचा प्रयोग आधीच केला होता. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. दीक्षावरील साहित्य एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटविना पाहता येते. छापील पुस्तक हीच अनुक्रमणिका, हे जुने सूत्र येथे नव्या रूपात दिसते.

इंटरनेट आता सर्वत्र पोहोचले, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. यूडायस-प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ९१.८ टक्के शाळांत वीज होती. चालू स्थितीतील संगणक ५७.२ टक्के शाळांत आणि इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. म्हणजे त्या वर्षी वीज असलेल्या पण इंटरनेट नसलेल्या शाळांचा वर्ग एकूण शाळांच्या एकतृतीयांशाहून मोठा होता. शिवाय जोडणी असणे आणि चाळीस मुलांनी एकाच वेळी चित्रफीत पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालातील रकाना पहिलीच मोजतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ‘पीएम ई-विद्या’ अंतर्गत इयत्तानिहाय दूरचित्रवाणी वाहिन्यांचा आधार घ्यावा लागला, तो याच कारणाने.

परतीचा मार्ग

या सर्व व्यवस्थांत सर्वांत दुबळी कडी परतीची आहे. पाठ गावात जातो. गावातून काय येते? डिजिटल स्टडी हॉलच्या आराखड्यात टपाल दोन्ही दिशांनी धावणे अपेक्षित होते. गावातील वर्गाचे चित्रण लखनौला जावे, तेथील शिक्षकांनी ते पाहून सूचना द्याव्यात आणि पुढचा पाठ त्यानुसार घडावा. या परतीच्या टपालाखेरीज केंद्रातील तज्ज्ञाला आपला पाठ कोठे फसला हे कधीच कळत नाही. याच कल्पनेच्या प्रेरणेने बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ मध्ये ‘डिजिटल ग्रीन’ सुरू झाले. त्यात शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी केलेल्या चित्रफिती गावातील गटासमोर मध्यस्थाच्या मदतीने दाखवल्या जातात आणि कोणत्या शेतकऱ्याने कोणती पद्धत स्वीकारली याची नोंद ठेवली जाते. शेतीने परतीची नोंद शाळेपेक्षा अधिक काटेकोरपणे ठेवली, असे म्हणण्यास जागा आहे.

सर्व्हरमुळे मुलांच्या सरावाची नोंद आपोआप होते खरी; पण ती शाळेच्या कपाटातील यंत्रात साचते. ती बाहेर कोणी काढायची? महाराष्ट्रात यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्रप्रमुखाच्या अखत्यारीत साधारण दहा शाळा असतात आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. प्रत्येक शाळेने पेन ड्राइव्ह आणावा, जुन्या नोंदी उतरवून द्याव्यात, बदललेले पाठ भरून न्यावेत आणि कोणत्या पाठाला वर्ग अडला हे दोन ओळींत लिहून द्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्या दोन ओळी वाचून पाठ पुन्हा चित्रित करण्याचा अधिकार आणि तरतूद कोणाकडे, हे मात्र शासन निर्णयात स्पष्ट लिहावे लागेल. उत्तर प्रदेशात वा महाराष्ट्रात, साहित्यनिर्मितीच्या अंदाजपत्रकात पुनर्चित्रीकरणाचे शीर्ष अद्याप शोधावे लागते.